गाडी चांगली आहे, मग विकताय कशाला?

दहा वर्षं वापरलेली गाडी विकायला काढली तर कोणी काही विचारत नाही. एका वर्षाची काढली की गावभर शंका. 2025 च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत हा एकच प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला की शेवटी शेवटी समोरच्याने तोंड उघडायच्या आत उत्तर द्यायला लागलो होतो. देवगडहून आलेल्या एका गृहस्थांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, वाकून खाली पाहिलं, बॉनेट उघडून पाहिलं आणि मग अगदी प्रेमाने म्हणाले, "गाडी बरी आसा. पण विकतास कित्याक?"

उत्तर सरळ होतं. माझे वडील, आम्ही अप्पा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर दुसऱ्यांना घेऊन फिरले आणि निवृत्तीनंतर, 2024 च्या दसऱ्याला, स्वतःची पहिली गाडी घेतली. (मॉडेल मुद्दाम सांगत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्यावरच जाते. पेट्रोलवर चालणारी, 1200 सीसीच्या आतली लहान गाडी एवढं पुरे.) पुढच्या जूनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं नीट दिसतं, बाजूचं कमी होत चाललेलं. पावस ते रत्नागिरी रस्त्यावर एका बाजूने गुरं येतात आणि दुसऱ्या बाजूने दुचाकीवाले. अप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाबरोबर किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि विषय संपवला. माझी स्वतःची जुनी गाडी होती. दोन ठेवायला अंगणात जागा नव्हती, आणि तीन लाखांच्या कर्जाचा हप्ता चालूच होता.

पण हे खरं कारण लोकांना बनावट वाटायचं. "वडिलांच्या डोळ्यांना..." असं सुरू केलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर 'सगळे असंच सांगतात' उमटायचं. अपघातातली असेल, इंजिनात काहीतरी असेल, हप्ते थकले असतील. चिपळूणहून आलेल्या एका जोडप्याने मागच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि नाकाशी धरला. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी ज्यांच्या दारात शिरलं ती माणसं गाडी अशीच बघणार. गाडी कितीही धुतली तरी गुंडाळलेल्या बेल्टच्या आतल्या भागात चिखलाची रेघ राहते. आमची गाडी पुरानंतर तीन वर्षांनी तयार झालेली, पण त्यांना मी काय बोलणार! ही तपासणी मात्र मी शिकून घेतली, पुढे कधी घ्यायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

पहिली चूक माझी. जुलैत शेजाऱ्यांच्या ओळखीच्या एकाने सात लाख सांगितले होते. गाडी आम्हाला रस्त्यावर साडेआठ लाखांच्या वर पडली होती. मी म्हटलं, वर्षात दीड लाख? छे. सात चाळीसच्या खाली उतरलो नाही. आता डोकं शांत झाल्यावर कळतं की मी चुकीच्या आकड्याला धरून बसलो होतो. सव्वासात लाखांच्या गाडीवर आपल्याकडे पेट्रोलला 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे जवळपास 80 हजार. वर विमा, वर ॲक्सेसरीज. हे पैसे शोरूमच्या गेटमधून बाहेर पडतानाच गेलेले असतात, आणि घेणारा त्यातला एक रुपया परत देत नाही. तो एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स-विमा न धरलेल्या किमतीपासून खाली मोजत येतो, आपण हे सगळं धरलेल्या ऑन-रोडपासून. मधली दरी भांडून भरत नाही.

मग 15 ऑगस्ट आला. लाल किल्ल्यावरून जाहीर झालं की दिवाळीपर्यंत जीएसटीत सुधारणा येणार, आणि त्या दिवसापासून आमचा फोन वाजायचा बंद झाला. गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले, आरतीला आले, मोदक खाल्ले, गाडी पाहिली आणि "थांबू या ना थोडं" म्हणून परत गेले. ते बरोबरच होते. 3 सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलचा निर्णय झाला. मग पितृपक्ष, त्यात तर कोणी खिळाही विकत घेत नाही. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरचा 28 टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन 18 टक्के लागू झाला. आमचीच गाडी शोरूममध्ये साठेक हजारांनी स्वस्त झाली. तेवढे पैसे आमच्या अंगणात उभ्या गाडीतूनही, तिला हातही न लावता, निघून गेले. सात लाख देणाऱ्याला मी लाजत फोन केला. त्याने नवीन बुक केली होती.

ऑक्टोबरात मी विक्रेत्यांकडे वळलो. एव्हाना कंटाळलो होतो.

एका ऑनलाइन कंपनीने फोटो आणि माहितीवरून सहा लाख चाळीस दाखवले. तपासणीसाठी गाडी कोल्हापूरला नेली, आंबा घाट चढून सव्वाशे किलोमीटर. तिथल्या मुलाने रंगाची जाडी मोजायचं मीटर फिरवलं. दारांवर, टपावर शंभर-सव्वाशे मायक्रॉन. बॉनेटवर अडीचशेच्या वर. अपघात? नाही हो, माडाची झावळ. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात कोसळली, बॉनेटला खड्डा पडला, रंग काढून घेतला. झावळ म्हणजे काय हे त्याला हातवारे करून सांगावं लागलं. मीटरला झावळ कळत नाही, रकाना एकच: पुन्हा रंगवलेली. शिवाय खाली सायलेन्सरच्या जोडाला गंज. खाऱ्या हवेत वर्षभरात येतो, आमच्याकडे सगळ्यांच्याच गाड्यांना असतो. शेवटचा आकडा पाच पंचावन्न. घाट उतरताना अप्पा एवढंच म्हणाले, "पेट्रोल वाया गेलं."

रत्नागिरीतल्या एका शोरूमच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने पाच साठ सांगितले, आणि तिथूनच नवीन घेतली तर वर बोनस. नवीन घ्यायचीच नव्हती, तेव्हा बोनसचं काय करणार.

तिसरे गाडीबाजारवाले, हायवेलगत पत्र्याची शेड, समोर दहा-बारा गाड्या. माणूस बोलका. थेट पाच पंचाहत्तर म्हणाला. यापेक्षा जास्त का नाही, तर "आम्हाला 18 टक्के जीएसटी बसतो हो दादा." हे अर्धं खरं. जुन्या गाडीवर नोंदणीकृत विक्रेत्याला 18 टक्के लागतात, पण पूर्ण किमतीवर नाही, त्याच्या नफ्यावर. त्याने आमची गाडी सत्तर हजार चढवून विकली तर साडेबारा हजारांच्या आसपास. मी हे म्हटल्यावर तो हसला आणि चहा मागवला.

तरीही पाच पंचाहत्तरला मी जवळजवळ तयार झालो होतो. त्याच दिवशी पैसे, कोणाला बेल्ट हुंगू द्यायचा नाही, 'विकताय कशाला' नाही. विक्रेत्याला आपली गोष्ट ऐकायचीच नसते, त्याला मीटर पुरतं, आणि सत्तर हजार कमी मिळतात ते बऱ्याच अंशी त्याचेच. काहींना हा सौदा परवडतो. बदली झालेल्या, परदेशी निघालेल्या माणसाला मी तोच करायला सांगेन.

अडलं ते सह्यांवर. त्याने मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि फॉर्म 30 पुढे केले, घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. "गिऱ्हाईक मिळालं की नाव टाकतो, सगळे असंच करतात." अप्पांनी पेन खाली ठेवलं. एसटीत असताना अपघात दाव्यांच्या तारखा त्यांनी पाहिलेल्या. गाडी कोण चालवत होतं याइतकंच ती कोणाच्या नावावर होती हेही तिथे विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिलेली, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. कोऱ्या फॉर्मवर सही करून दिलेली गाडी सहा महिने कोण कुठे फिरवतो हे आपल्याला कळतही नाही.

यावर उपाय नियमातच आहे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म 29सी ने आरटीओला कळवायचं. तिथून पुढे मालक तोच मानला जातो आणि जबाबदारीही त्याचीच. मी प्रमाणपत्र मागितलं. तो म्हणाला, "काम चालू आहे." आम्ही चहा संपवला आणि निघालो.

म्हणजे पुन्हा खाजगी गिऱ्हाईक. या वेळी मात्र आधी कर्ज फेडून टाकलं. हे जूनमध्येच करायला हवं होतं. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचा बोजा दिसला की माणूस मागे सरतो, तुम्ही काहीही सांगा. बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात यायला नऊ दिवस लागले. ई-चलान एक निघालं, हेल्मेटचं नव्हे, पार्किंगचं, तेही माझ्याच हातून. भरलं.

जाहिरात टाकली तेव्हा दुसऱ्या मिनिटाला एक 'फौजी' आला. गाडी न बघता पसंत, पैसे पाठवायला क्यूआर स्कॅन करा म्हणाला. पैसे घ्यायला काहीही स्कॅन करावं लागत नाही, एवढं माझ्या आईलाही माहीत आहे. मग एक आंबा बागायतदार आले. गाडी आवडली, सहा साठला तयार, पण चार लाख रोख. ते गेल्यावर घरात जरा हळहळ झाली. पण तेव्हा लागू असलेल्या आयकर कायद्याच्या कलम 269एसटी प्रमाणे दोन लाख किंवा त्यावर रोख घेतली तर तेवढाच दंड होता, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला.

गिऱ्हाईक अखेर मिळालं ते डेपोतून. अप्पांच्या जुन्या कंडक्टर मित्राची सून राजापूर तालुक्यात आरोग्य सेविका आहे. उपकेंद्रं लांब लांब, पावसात दुचाकी नकोशी. ती दीर आणि एका मेकॅनिकला घेऊन आली. आल्या आल्या मी बॉनेटचं सांगून टाकलं, झावळीचं, रंगाचं, बिलासकट. मेकॅनिकने गंज पाहिला, "हा तर माझ्या भांड्यांनापण आहे" म्हणाला.

तिने तो प्रश्न विचारलाच नाही. तिने सर्व्हिसची कागदपत्रं मागितली. अप्पा आत गेले आणि वही घेऊन आले. एसटीत लॉगशीट भरायची सवय, ती गेली नव्हती. वर्षभरातलं प्रत्येक पेट्रोल, तारीख, किलोमीटर, किती लिटर, टायरमधली हवा, 'पावस, देऊळ, परत', 'रत्नागिरी, औषधं'. जूनमधल्या एका पानावर लिहिलेलं: 'आरशात स्कूटर दिसली नाही. डॉक्टर.' ती बराच वेळ वही चाळत बसली. सहा पंचेचाळीस ठरले, विसार म्हणून पंचवीस हजार तिने तिथेच ट्रान्सफर केले.

तिचं बँकेचं कर्ज मंजूर व्हायला बारा दिवस लागले. उरलेली रक्कम थेट अप्पांच्या खात्यात आली, तेव्हाच गाडी दिली. फॉर्म 29 दोन प्रतींत, फॉर्म 30, या वेळी सगळी नावं आणि तारखा भरून. विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आम्ही तिसऱ्या दिवशी कळवलं. ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहिली, संध्याकाळी 5:40, किलोमीटर 9,412, मीटरचा फोटो. विमा तिने 14 दिवसांत नावावर करून घ्यायचा. तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा नव्या गाडीबरोबर सक्तीचा असल्याने तो 2027 पर्यंत होता, हे तिच्यासाठी बरं झालं. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गाडीबरोबर जात नाही, तो माणसाचा. झावळीचा क्लेम न करता आम्ही खिशातून साडेसहा हजार घालून जपलेला 20 टक्के बोनस अप्पांच्या नावावर तीन वर्षं राहील, नवीन गाडी घेतली तर वापरायला. असो.

आरसीवर तिचं नाव यायला तीन आठवडे लागले. मी रोज सकाळी परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बघायचो.

एक गोष्ट राहून गेली होती. काचेवरचा फास्टॅग. डिसेंबरात एके दुपारी अप्पांच्या मोबाइलवर मेसेज आला, कोल्हापूरच्या पुढे पुण्याच्या वाटेवरच्या किणी टोलनाक्यावर पैसे कापले गेल्याचा. मी लगेच टॅग बंद करायला निघालो तर ते म्हणाले, "राहू दे रे दोन दिवस. पोरगी कोल्हापूरच्याही पुढे गेली वाटतं. परत येताना पण कळेल."

टॅग दुसऱ्या दिवशी बंद केला. परतीचा मेसेज त्याआधीच, रात्री नऊला येऊन गेला होता.