सेगर्सच्या पडक्या भिंती

आज दुपारभर अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर हेर्क्युलेस सेगर्सची एचिंग्ज, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेली चित्रं, मोठी करून बघत बसलो. सतराव्या शतकातला हा डच चित्रकार. राइन्सबर्गच्या मठाचे भग्नावशेष त्याने गडद रंगवलेल्या कागदावर फिकट शाईने छापलेत. रेषा उजळ, बाकी सगळा अंधार! एकेक वीट सुटी दिसते, आणि तिच्या आजूबाजूला झाडोरा माजलेला. तांब्याचा पत्रा एकच, पण शाई, कागद, कधी चक्क कापड बदलून हा माणूस प्रत्येक छाप वेगळा काढायचा. छापील चित्र म्हणजे सगळ्या प्रती सारख्या, हे त्याला मान्यच नव्हतं. प्रसिद्ध डच चित्रकार रेम्ब्रांटकडे सेगर्सची आठ चित्रं होती. सेगर्सचा एक कोरलेला तांब्याचा पत्राही रेम्ब्रांटने मिळवला आणि त्यावरची माणसं खोडून स्वतःची कोरली. निसर्ग मात्र बराचसा सेगर्सचाच ठेवला. बरं केलं! बघाच, पण मोठ्या स्क्रीनवर. फोनवर त्या विटा दिसत नाहीत.