वर्षानुवर्षं उभी असलेली टू-स्ट्रोक चेतक

धूळ पुसून लगेच किका मारू नका. आधी स्पार्क प्लग काढून भोकातून चमचाभर टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं 2T ऑइल) सोडा, तासाभराने किक हाताने हळूहळू दाबा. पिस्टन जाम असेल तर जोर लावू नका, ऑइल मुरू द्या.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. ताज्या पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली टूटी ऑइल पुरतं.

खरी गोम कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात असते. पेट्रोल उडून गेल्यावर तळाशी पिवळट चिकट थर उरतो आणि आयडल जेटचं (मंद चालीला पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या तोटीचं) बारीक भोक बुजतं. मग गाडी चोकवर धरते, चोक काढला की बंद. जेट उजेडासमोर धरून बघा. हवेने साफ करा, सुई घालून भोक मोठं करू नका.

पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी छोटी पट्टी) असलेल्या गाडीत ठिणगी नसेल तर बहुधा पॉइंटवर गंज चढलेला असतो. बारीक पॉलिश पेपर फिरवा, फट 0.3 ते 0.5 मिमी ठेवा. या गाडीला ठिणगी मॅग्नेटो (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग) देतो, त्यामुळे नव्या बॅटरीवर उगाच खर्च नको.

सुरू झाल्यावर दाट पांढरा धूर थांबतच नसेल, तर क्लचकडचं क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवतीची तेल अडवणारी रबरी रिंग) कडक होऊन गिअर ऑइल आत ओढलं जातंय. ते बदलायला इंजिन उघडावंच लागतं.