लिअरचे दोन शेवट

या शाळेने मला खूप काही दिले. त्यातले एकच सांगायचे तर मी शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' या शोकान्त नाटकाचे नाव घेईन. लिअर आमच्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हता. आम्ही मराठी माध्यमाची मुले, इंग्रजी मुळाक्षरे पाचवीत गिरवलेली. पण नववीला शनिवारचा शेवटचा तास इंग्रजीच्या सरांचा असे, आणि त्या तासाला पाठ्यपुस्तक मिटलेले असे.

सर कवितेचा अर्थ नंतर सांगत, आधी बाकावर ताल धरायला लावत. एक हलका ठोका, एक जोरकस, असे पाच वेळा. लघु-गुरू पाडून पृथ्वी आणि शार्दूलविक्रीडित ओळखायची सवय होती, त्यामुळे हेही जमून गेले. मग शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो यायचा. यमकाविना चालणाऱ्या याच ओळीने त्याने रंगभूमी दणाणून सोडली, आणि नाटककार बेन जॉन्सनने पुढे तिच्या सामर्थ्याचे नाव घेऊन कौतुक केले. मार्लो आणि शेक्सपिअर दोघेही 1564 सालचे. मार्लो 1593मध्ये डेप्टफर्डला भोसकला गेला, वयाच्या 29व्या वर्षी. सर म्हणत, "त्याच वर्षी शेक्सपिअर गेला असता तर हॅम्लेट नाही, मॅकबेथ नाही, लिअरही नाही. पोरांनो, प्रतिभेलाही आयुष्य मिळावं लागतं!"

लिअरचा शेवटचा प्रवेश त्यांनी वाचला तो आजही कानात आहे. मुलींना राज्य वाटून देऊन निराधार झालेला म्हातारा राजा लिअर मेलेल्या धाकट्या मुलीला, कॉर्डिलियाला, हातांवर घेऊन येतो आणि एका ओळीत पाच वेळा एकच शब्द उच्चारतो : नेव्हर, नेव्हर, नेव्हर, नेव्हर, नेव्हर. आमची बोटे बाकावर होतीच. हलका-जोरकस हा क्रम त्या ओळीत उलटा झाला होता. प्रत्येक शब्द जोरात सुरू होऊन खाली कोसळत होता. दुःख छंदातून ऐकू येते, हे मला तेव्हा कळले.

पुढच्या शनिवारी सरांनी दुसरा शेवट सांगितला. 1642 ते 1660 इंग्लंडमध्ये नाटकांवर बंदी होती. नाट्यगृहे पुन्हा उघडली ती नव्या अभिरुचीची : नियम हवेत, औचित्य हवे, सज्जनांना न्याय मिळायला हवा. 1681मध्ये नेहम टेट या नाटककाराने लिअर नव्याने रचला. विदूषक काढून टाकला, कॉर्डिलियाला जिवंत ठेवून एडगर या सरदारपुत्राशी तिचे लग्न ठरवले आणि लिअरला राज्य परत मिळवून दिले. हा सुखान्त लिअर दीडशेहून अधिक वर्षे रंगभूमीवर टिकला. 1838मध्ये मॅक्रेडी या नटाने विदूषकासह शेक्सपिअरचे नाटक पुन्हा उभे केले.

वर्ग चिडला. सरांनी मात्र टेटची बाजू लावून धरली. अठराव्या शतकातला समीक्षक सॅम्युअल जॉन्सन याच्यासारख्या कसलेल्या वाचकाला कॉर्डिलियाच्या मृत्यूने इतका धक्का बसला, की शेक्सपिअरच्या संपादनाचे काम हाती येईपर्यंत ते शेवटचे प्रवेश त्याला पुन्हा वाचवले नाहीत. कवी-नाटककार ड्रायडनने अँटनी आणि क्लिओपात्राची कथा स्थळ-काळाच्या ऐक्यात, म्हणजे एका जागी आणि थोडक्या वेळात घडेल अशी बसवली, पण शेक्सपिअरच्या आदरापोटी तिथे यमक सोडले. कवी पोपने शेक्सपिअरच्या आपल्या 1725च्या आवृत्तीत न आवडलेल्या ओळी पानाच्या तळाशी ढकलल्या, तरी संपादनाचे कष्ट त्याचेच. या मंडळींचे शेक्सपिअरवर प्रेम होते, म्हणूनच त्यांना तो नीटनेटका करावासा वाटला. हे मला आजही पटते. पोपची जोडओळ, म्हणजे यमकाने बांधलेल्या दोन ओळी, मी आवडीने वाचते, तिच्यातली धार दुसरीकडे सापडत नाही. पण लिअरला न्याय मिळवून देणे मला मान्य नाही. त्या नाटकाची सगळी ताकद न्याय न मिळण्यात आहे. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्येही बेलवलकरांना गेलेले काही परत मिळत नाही.

पुढे मी इंग्रजीचीच प्राध्यापक झाले. मिल्टन, डन, काँग्रीव्ह रीतसर शिकले, शिकवले. पण प्रत्येक नव्या वर्गात पहिला तास लिअरच्या दोन शेवटांचा घेते आणि बाजू निवडायला सांगते. टेटच्या बाजूने बोलणारे दरवर्षी कुणीतरी निघतेच.

शाळेच्या या महोत्सवानिमित्त तिच्या ग्रंथालयाला मूळ 'किंग लिअर' आणि विंदा करंदीकरांचा मराठी अनुवाद 'राजा लिअर' देत आहे. नववीच्या मुलामुलींनी शेवटचा अंक दोन्ही भाषांत मोठ्याने वाचावा, एवढी विनंती. ताल धरायला बाक आहेतच.