हर्बल जेल आणि चॅलेंज टेस्टचा फॉर्म : माझा अनुभव

तेलात मुरवलेले अर्क आणि बाम यांनी कधी फारसं छळलं नाही. वनस्पती कडकडीत वाळलेली हवी, ओल राहिली तर बुरशी धरते. एक भाग वनस्पती, पाच भाग तेल, ५० ते ६० अंशांवर वॉटर बाथमध्ये दोन-तीन तास, मग गाळायचं. खरा छळ पाणी असलेल्या उत्पादनात. माझं कोरफड-ज्येष्ठमधाचं जेल बनलं झटकन आणि अडकलं चॅलेंज टेस्टमध्ये.

या चाचणीत जेलमध्ये मुद्दाम जिवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडतात आणि २८ दिवस मोजत राहतात. वाट बघण्याबद्दल तक्रार नाही, जंतू आपल्या सोयीने मरत नाहीत. राग आहे तो प्रयोगशाळेच्या फॉर्मवर. त्यात प्रिझर्व्हेटिव्हचं, म्हणजे जंतू रोखणाऱ्या द्रव्याचं, नाव आणि प्रमाण लिहायला जागा आहे, पण पीएचसाठी (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) रकानाच नाही! अहवालही एका ओळीचा : ‘निकषांत बसत नाही’. कोणता जंतू, कितव्या दिवशी, काही नाही. मागे लागून दिवसवार आकडे काढून घेतले तेव्हा चित्र दिसलं. जिवाणू पहिल्या आठवड्यातच हजारपटीहून जास्त घटले होते, बुरशी मात्र जिथल्या तिथे. नमुना देतानाच हे आकडे लेखी मागा, नंतर कोणी दाद देत नाही.

गोम पीएचमध्ये होती. सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट या प्रिझर्व्हेटिव्हांचा आम्लरूपातला भागच जंतूंच्या आत शिरतो. बेन्झोइक आम्लाचा हा भाग पीएच ४.२ ला निम्मा असतो, ५ ला साधारण १४ टक्के आणि ५.६ ला जेमतेम ४ टक्के. सॉर्बिक थोडं तग धरतं, ५.६ ला १३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दोन्ही ०.४ टक्के घातले तरी ५.६ च्या जेलमध्ये त्यातलं बहुतेक नुसतं पडून राहतं. पुरवठादारांच्या पत्रकांतला पीएच बहुधा नुसत्या बेसचा असतो, अर्क पडल्यावर तो सरकतो. वर अर्कातली साखर म्हणजे जंतूंना आयतं खाद्य. म्हणून पीएच सगळं पडल्यावर मोजायचा : एक भाग जेल, नऊ भाग डिस्टिल्ड पाणी, मग मीटर. रंग बदलणारी पीएच पट्टी नको, अर्काच्या रंगाने ती फसवते. सायट्रिक आम्लाचं १० टक्के द्रावण थेंबथेंब घालून ४.५ ते ४.८ वर आणा. आठवड्याने पुन्हा मोजा.

इथे दुसरी कटकट उभी राहते. कार्बोमर या दाटपणा देणाऱ्या पावडरीचं जेल इतक्या आम्लात, त्यात बेन्झोएट आणि कोरफडीतले क्षार आले की, पाण्यासारखं पातळ होतं. त्याऐवजी झँथन गम (दाटपणा देणारा डिंक) १ टक्का घ्या. आधी ग्लिसरीनमध्ये भिजवा, थेट पाण्यात टाकला तर गुठळ्या फुटता फुटत नाहीत.

आम्ल नको असेल तर फेनॉक्सीइथेनॉल हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घ्या, कमाल १ टक्का, जेल ४० अंशांखाली आल्यावर. ‘केमिकल-फ्री’ लेबलच्या हट्टापायी ते टाळून जीवनसत्त्व ई घालणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ई तेलाचा खवटपणा लांबवतं, जंतूंना काही करत नाही. शिवाय आवळ्याच्या अर्कासोबत बेन्झोएट नको : क जीवनसत्त्व आणि बेन्झोएट एकत्र आले की थोडं बेन्झीन तयार होऊ शकतं, उष्णतेत आणि उजेडात जास्त.

सुधारलेलं जेल दुसऱ्या खेपेला पास झालं. या वेळी फॉर्मच्या समासात पीएच मी हाताने लिहिला होता.

एक सांगायचं राहिलं. ताज्या कोरफडीचं पान कापल्यावर उभं धरून पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, खाज बहुतेकदा त्यानेच येते. आणि पॅच टेस्ट कोपराच्या आतल्या बाजूला करा. २४ तासांत काही दिसलं नाही म्हणून लगेच चेहऱ्याला लावू नका, ॲलर्जी उशिरा, ४८ ते ७२ तासांतही उमटते.