पेस्ट काढली, फेज-चेंज पॅड बसवला: डिचोलीहून नोंद

मे महिन्यात लॅपटॉपचा सीपीयू पूर्ण लोडवर ९४ अंशांना भिडत होता. पाऊस लागल्यावर हीटसिंक (सीपीयूची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) उघडला. त्याच्या आणि चिपच्या मधली, उष्णता पोचवणारी जुनी पेस्ट कडेला साचून घट्ट झालेली, मधोमध जेमतेम करडा पापुद्रा. पंप-आउट म्हणतात तो हाच. लॅपटॉपच्या डायवर, म्हणजे चिपच्या सिलिकॉनच्या तुकड्यावर, धातूची टोपी नसते. तांबं आणि सिलिकॉन तापताना कमी-जास्त फुगतात आणि दर खेपेला थोडी पेस्ट बाहेर ढकलली जाते.

पाकिटावरच्या उष्णतावहनाच्या आकड्याला (वॉट/मीटर-केल्विन) भुलू नका, जाडी बघा. समजा डाय २ चौरस सेंमी आणि उष्णता ४५ वॉट. ५ आकड्याच्या पेस्टचा ०.०३ मिमी थर साधारण १.४ अंश खातो, म्हणजे थराच्या दोन बाजूंच्या तापमानात तेवढा फरक राहतो. ६ आकड्याचा १ मिमी सिलिकॉन पॅड खातो ३७ अंश! असले पॅड व्हीरॅमवर (ग्राफिक्सच्या मेमरी चिपांवर), जिथे फट मुळातच मोठी असते. प्रोसेसरवर अजिबात नको. ग्राफाइट पॅड पातळ असतो, सुकतही नाही, पण त्यातून वीज वाहते. डायशेजारच्या उघड्या कपॅसिटरवर सरकला तर शॉर्ट. उघड्या डायवर ती जोखीम मला घ्यायची नव्हती.

म्हणून हनीवेलचा फेज-चेंज पॅड, पीटीएम७९५०. ०.२५ मिमी जाड, ४५ अंशांच्या आसपास मऊ होतो आणि दाबाखाली पसरून पातळ होतो. दाट असल्यामुळे पंप-आउटला सहज दाद देत नाही. गार असताना त्यावरची संरक्षक फिल्म नीट सुटते, म्हणून फ्रीजमध्ये ठेवतात. पण आपल्याकडच्या पावसाळी हवेत बाहेर काढताक्षणी त्यावर दव धरतं. बंद पिशवीत ठेवा, बाहेरचं पाणी पुसा आणि मगच फिल्मचा कोपरा नखाने उचला. ओढायची ती तिरकी, अगदी सावकाश. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत.

लोड देऊन दोन-चारदा तापवल्यावर आता ८२. बारा अंश उतरले म्हणून खूश होण्याआधी खोली बघा: मे महिन्यात ३३ होती, आता २८. खोलीपेक्षा ६१ अंश वर होता तो ५४ वर आला, म्हणजे खरी कमाई सात अंशांची. नोंदी टाकताना खोलीचं तापमान लिहाच, नाहीतर आपल्या हवेत तुलनेला अर्थच राहत नाही.

पुढचं काम व्हीरॅमचे पॅड. फट मऊ मातीच्या गोळीने दाबून मोजणार आहे, कारण पॅड जरा जाड झाला तर हीटसिंक डायवरूनच उचलला जातो.