पत्र मिळालं, करार वाचला का?

"बारावी झाली आणि पोरगं आयटी कंपनीत चिकटलं, आता काळजी मिटली!" झेरॉक्सच्या दुकानात एक काका आज सगळ्यांना सांगत होते. हातातल्या पत्रावर ठळक अक्षरांत 'अप्रेंटिस'.

काळजी इतक्यात मिटत नाही हो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. करारात नोकरीचं लिहिलं नसेल, तर मुदतीनंतर ती देणं कंपनीवर बंधनकारक नाही.

म्हणून पत्रापेक्षा करार बघा. तो सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला हवा, त्याला क्रमांक हवा. ट्रेडचं, म्हणजे ज्या कामाचं प्रशिक्षण मिळणार त्याचं, नावही वाचा. तिथे 'डेटा एंट्री' असेल तर कोडिंग शिकवतील ही आशा फुकट.

पैशांचं वेगळंच. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिना जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात टाकतं. खातं आधारशी जोडलेलं नसलं की नेमका तेवढाच भाग अडकतो, आणि मुलं एचआरशी भांडत बसतात. (एचआरलाही बऱ्याचदा कारण माहीत नसतं!)

तुमच्या ओळखीत आयटीआयच्या 'कोपा'मधून (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट हा ट्रेड) किंवा बारावीनंतर थेट असं कोणी लागलंय का? प्रत्यक्ष काम काय मिळालं?