भेगेत अडकलेली चप्पल

जुलैतली गोष्ट आहे, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय. मी पुण्यात एका मोठ्या साईटवर सेफ्टी ऑफिसर आहे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे हेल्मेट घाल, बेल्ट लाव असं ओरडत फिरायचं, पण खरं म्हणजे अर्धा दिवस परमिटवर, म्हणजे काम चालू करायच्या लेखी परवानगीवर, सह्या करण्यात जातो आणि उरलेला अर्धा परमिट न घेता चालू झालेली कामं शोधण्यात.

ड्रेनेज लाईनचा चर खणून झाला होता, खोली 2.8 मीटर. खाली पाच जण तळ सारखा करत होते, दुपारनंतर पीसीसी, म्हणजे तळाचं साधं काँक्रीट, टाकायची होती. वरून बाया घमेल्यांनी माती लांब नेत होत्या, कारण पोकलेनवाल्याने सगळी माती कडेलाच ओतून ठेवली होती आणि मी सकाळीच सांगितलं होतं की कडेपासून दीड मीटर तरी मोकळं पाहिजे. नियमाने दीड मीटरपेक्षा खोल चराला एकतर उतार द्यायचा नाहीतर शोरिंग, म्हणजे कडांना आतून फळ्यांचा आधार, लावायचं. इथे दोन्ही नव्हतं. परमिटवर लिहिलं होतं, ‘कडक मुरूम, शोरिंगची गरज नाही’. आणि त्याखाली माझी सही होती, हे आधीच सांगून टाकतो.

साडेअकराच्या सुमारास देगलूरकडच्या एक ताई घमेलं खाली ठेवून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "साहेब, चप्पल अडकली हो माझी तिथं. सकाळी नव्हती अडकत." त्यांनी आधी मुकादमाला सांगितलं होतं, तो म्हणाला, चप्पल नीट घालत जा.

जाऊन बघितलं तर कडेपासून दोन-सव्वादोन फुटांवर, कडेला समांतर एक भेग. बोटभर रुंद असेल, त्यावर पावसाचा चिखल बसलेला त्यामुळे नुसतं बघून कळलंच नसतं. मी तिथे पडलेली बारा एमएमची सळई आत घातली, ती कुठेही न अडता हातभर आत गेली, अजून ढकलली, अजून गेली. पोटात गोळा आला. समांतर भेग याचा अर्थ कड सुटलेली आहे, आता फक्त कधी पडायची एवढंच बाकी. आणि एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूससुद्धा वाचणं अवघड असतं, श्वास सोडला की माती तेवढी आत दबते आणि पुढचा श्वास घ्यायला छाती फुगतच नाही. 29 जून 2019 ला आपल्याच कोंढव्यात पावसात भिंत पडून 15 जण गेले, तेव्हापासून पावसातली कुठलीही कड बघितली की मला धडधडतं.

पाचही जणांना वर घेतलं, पोकलेन लांब उभा केला, टेप लावली. मुकादम कुरकुरला, इंजिनिअर फोनवरून म्हणाला की पीसीसीची गाडी निघालीय. मी म्हणालो परत पाठवा. पाऊण तासाने कड बसली. मोठा आवाज वगैरे काही नाही, पोतं टाकल्यासारखा धप्प, आणि दहा-बारा फूट लांबीचा तुकडा खाली. दोन फावडी आणि पाण्याचा कॅन गाडला गेला. नंतर कळलं की गेल्या वर्षी त्याच बाजूने केबलचा चर गेला होता, म्हणजे तो मुरूम नव्हताच, भराव होता. ड्रॉइंग ऑफिसमध्ये होतं. मी मागवलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं ठीक. मी निअर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, रिपोर्ट लिहिला, ताईंचं नाव घातलं, मला फार बरं वाटलं. तीन दिवसांनी कळलं की ठेकेदाराने त्या गँगच्या आठही जणांची अर्धी हजेरी कापली. काम बंद होतं तर पैसे कसले, म्हणे! आणि गँगमधले बाकीचे त्या ताईंवरच चिडले, तू बोललीस म्हणून आमचा अर्धा रोज गेला.

मला राग गँगमधल्या त्या लोकांचा नाही आला. बांधकाम कामगारांच्या सरकारी कल्याण मंडळात नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, त्यावर बहुतेक वेळा याच ठेकेदाराची सही. अशा माणसाच्या विरोधात कोण आणि कशासाठी बोलेल? आम्ही दर 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, शपथ घेतो, पोस्टर लावतो, टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सेफ्टीच्या छोट्या बैठकीत, विचारतो ‘काही धोका दिसला का’, आणि ज्या बाईने दाखवला तिचा रोज कापतो.

दुसऱ्या दिवशीच्या टॉकला मी हाच प्रश्न विचारला. चाळीस माणसं समोर, एकही बोललं नाही, सगळे खाली बघत होते.

मग प्रोजेक्ट मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून राहिलो, ठेकेदाराच्या बिलातून आठ जणांची अर्धी हजेरी परत काढून घेतली. सहा दिवस लागले. तोपर्यंत ताई आणि त्याच गँगमधला त्यांचा नवरा, दोघंही साईट सोडून गेले होते. सात जणांनी पैसे घेतले म्हणजे नवऱ्याचेही दुसऱ्या कोणीतरी घेतले, त्यांना पोचले का माहीत नाही. ताईंचे तेवढे पाकिटात घालून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. नवऱ्याचा नंबर मुकादमाकडून घेतला, रोज लावतो, बंद येतो.